समाजकार्याची पदवी : काम कोणाचे, सही कोणाची?



आपल्या भागातली पोरं-पोरी आता नुसती बी.ए., बी.कॉम. करून थांबत नाहीत. सकाळच्या गाडीने पूर्णा जंक्शनवरून कोणी नांदेडला जातो, कोणी परभणीला. त्यांतली काही बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. करतात, काही पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू.ला जातात. म्हणजे समाजकार्याची पदवी. पण घरी बापाला विचारावे तर त्याला नीट सांगता येत नाही. "पोरगी काय करायली?" "समाजसेवेचं काहीतरी शिकायली म्हणं." त्यावर पारावरचा एखादा हमखास म्हणतो, "समाजसेवा काय कॉलेजात शिकायची गोष्ट हाय का हो? आमचे सरपंच तर न शिकताच करायलेत!" हशा होतो आणि विषय तिथेच मिटतो.

हा विषय हशावारी नेण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक पदव्यांत दोघांचाच संबंध असतो, एक विद्यार्थी आणि दुसरे कॉलेज. या पदवीत तिसरा पक्ष असतो. ज्या गावात, ज्या शाळेत, ज्या दवाखान्यात, ज्या कारखान्यात विद्यार्थी काम करतो, तो हा तिसरा पक्ष. म्हणजे तुम्ही-आम्ही. पदवीच्या कागदावर कुलगुरूंची सही शेवटी होते. त्याआधी विद्यार्थ्याच्या वहीवर सरपंचाची, मुख्याध्यापकाची, सोसायटीच्या चेअरमनची, कारखान्याच्या अधिकाऱ्याची सही झालेली असते. ती सही खरी की खोटी, यावर त्या पदवीचे मोल ठरते. आज मला लिहायचे आहे ते या सहीबद्दल.

पदवीला लागते काय?

आधी समाजसेवा आणि समाजकार्य यांतला फरक समजून घेऊ. लग्नात पंगती वाढणे, पुरात धान्य वाटणे, सप्ताहाला वर्गणी जमवणे ही समाजसेवा. ती चांगलीच आहे, आणि तिला पदवी लागत नाही. समाजकार्य हा व्यवसाय आहे, जसा डॉक्टराचा किंवा वकिलाचा. दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या घरात तंटा का होतो, पोर शाळा का सोडते, दवाखान्यातून घरी पाठवलेला रोगी गोळ्या का बंद करतो, हे शोधायचे आणि त्या माणसाला त्याच्याच पायावर उभे करायचे, याची रीत असते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात अशा सहा रीती शिकवतात. एकेका माणसासोबतचे काम, गटासोबतचे काम, वस्तीचे संघटन, कल्याण-संस्थेचा कारभार, संशोधन आणि सामाजिक कृती.

बी.एस.डब्ल्यू. पूर्वीपासून तीन वर्षांचे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता तीन वर्षांवर पदवी आणि चार वर्षांवर ऑनर्स अशी रचना झाली आहे. तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६ श्रेयांक लागतात. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे, चार सत्रांचे, आणि त्याचे श्रेयांक ८० ते ८८. वर्गातले पेपर तर आहेतच. एक छोटा संशोधन प्रबंध असतो, त्याची तोंडी परीक्षा असते. ग्रामीण शिबिर असते. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या परीक्षेनंतर महिनाभर एका संस्थेत राहून काम करावे लागते. पण या सगळ्यांचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले दोन दिवस वर्ग नाही, थेट वस्तीत नाही तर संस्थेत काम. केलेल्या कामाचा अहवाल दर आठवड्याला लिहायचा. कोणाला भेटलो, तो काय बोलला, मी काय बोललो, माझे कुठे चुकले. मग शिक्षकासमोर बसून त्या अहवालावर चर्चा.

आता जरा हिशेब मांडू. आठवड्याला दोन दिवस म्हणजे साधारण १५ तास. एका सत्राचे १५ आठवडे धरले तर वर्षाचे ३० आठवडे. १५ गुणिले ३० म्हणजे ४५०, आणि दोन वर्षांचे ९०० तास. अमेरिकेत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला क्षेत्रकार्याचे किमान ९०० तास लागतात, हा तिथल्या मान्यता देणाऱ्या परिषदेचा नियम आहे. म्हणजे कागदावर आपली नांदेडची पोरगी आणि शिकागोची पोरगी यांचे माप सारखेच भरते. कागदावर!

वही भरते, माप भरत नाही

उसाचे तुम्हाला मी काय सांगावे? फडात ऊस कितीही हिरवागार दिसला तरी त्याचे वजन काट्यावरच कळते, आणि वजन कितीही भरले तरी भाव ठरतो उताऱ्यावर. डोळ्यांनी पाहून कोणी बिल काढत नाही. काटा मारला अशी नुसती शंका आली तरी सर्वसाधारण सभेत आपण केवढा गदारोळ करतो! या पदवीचा उतारा म्हणजे क्षेत्रकार्य. तिथे मात्र काटा मारायला आपणच हात लावतो.

कसा, ते सांगतो. गावात शिबिराची गाडी येते. पहिल्या दिवशी उद्घाटन, नारळ, हार, फोटो. दुसऱ्या दिवशी थोडे गवत काढणे, एक प्रभातफेरी. शेवटच्या दिवशी समारोप आणि आभार. मधल्या दिवसांत कोण कुठे होते ते देव जाणे. प्रमाणपत्रावर मात्र सगळे दिवस भरलेले. तसेच आठवड्याच्या क्षेत्रकार्याचे. ओळखीचा पोरगा सत्र संपताना वही घेऊन येतो, "काका, तेवढ्या सह्या करा की." काकाही चहा पाजून एका बैठकीत पंधरा आठवड्यांच्या सह्या करून टाकतात. "लेकराचं वर्ष कामून वाया घालवायचं?" असा आपला दयाळू विचार.

ही दया नव्हे. या लेकरापुढे पुढे काय वाढून ठेवले आहे ते पाहा. डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे. तिथे नाव नोंदल्याशिवाय धंदा करता येत नाही. सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी अशी वैधानिक परिषद आपल्या देशात आजही नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने दवाखान्यांत व मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना आपल्या कक्षेत घेतले, तेवढेच. त्यामुळे मुलाखतीत समोरचा माणूस एकच पाहतो, या उमेदवाराला माणसाशी बोलता येते की नाही. ज्याने ९०० तास काम केले त्याला ते येते. ज्याच्या ९०० तासांच्या सह्या चहावर झाल्या, तो पहिल्याच प्रश्नाला गडबडतो. मग घरी येऊन म्हणतो, या लाइनीत नोकऱ्याच नाहीत. नोकऱ्या कमी आहेत आणि बऱ्याचशा कंत्राटी आहेत, हे खरेच आहे. पण सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक लागतो, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक लागतो, बालकल्याणाच्या आणि महिलांच्या योजनांत माणसे लागतात. तिथे खोट्या वहीचा टिकाव लागत नाही.

आणि समजा टिकाव लागला, तर जास्तच वाईट. नवऱ्याने हाकलून दिलेली बाई ज्याच्यासमोर बसणार, बापाने टाकलेले पोर ज्याच्या हाती सोपवले जाणार, त्याने आयुष्यात एकाही कोपीत पाय ठेवला नसेल, तर त्या बाईने काय करावे?

शाळा वस्तीत जन्मली

क्षेत्रकार्य हे मागाहून लावलेले शेपूट नाही. देशातली समाजकार्याची पहिली शाळा १९३६ साली मुंबईत नागपाडा भागात सुरू झाली. तिचे नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ तिथल्या दाट वस्तीत नेबरहुड हाऊस चालवत होते. त्या कामातून ही शाळा निघाली. म्हणजे काम आधी, वर्ग नंतर. तीच पुढे १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. आपल्या मराठवाड्यात टाटा संस्थेने १९८० च्या दशकात तुळजापूरला ग्रामीण केंद्र काढले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा या संस्थेची माणसे पुनर्वसनाच्या कामात होती. अंबाजोगाईला द्वारकादास लोहियांच्या मानवलोकने आधी गावांत काम उभे केले, मग समाजकार्याचे महाविद्यालय काढले. आपला परभणी जिल्हा आधी औरंगाबादच्या विद्यापीठात होता, १९९४ पासून तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आला. त्यामुळे हे शिक्षण आता आपल्या उंबऱ्याशी आले आहे. उंबऱ्याशी आलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, तेवढी आपण ठेवली पाहिजे.

आपल्या कारखान्याचा संबंध

कोणी म्हणेल, हे सगळे कॉलेजने बघावे, साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला? म्हणून मुद्द्याचे बोलतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा २५० वर आला. या पदाला समाजकार्याची किंवा त्यासारखीच पदवी लागते. पण हा अधिकारी कोणाचा? मस्टरवर असलेल्या कामगारांचा. आपला ऊस तोडणारी टोळी मस्टरवर नसते. ती मुकादमाची, उचल घेऊन आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे थंडीत फडात शिरायचे, दिवसभर मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. आजारी पडून एक दिवस घरी राहिले तर खाडा. कायद्याचा हात गेटापर्यंत येतो, फडापर्यंत पोचत नाही.

फडापर्यंत कोणी पोचत नाही तेव्हा काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांतली एक बाई! हे काही एका रात्रीत झाले नव्हते. हंगामामागून हंगाम या बाया कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फडात ऊस तोडत होत्या, कोपीत राहत होत्या, आणि पोट दुखते म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांच्या कोपीत जाऊन "बाई, काय होतंय?" असे विचारणारे माणूस कोणाच्याच पगारपत्रकावर नव्हते.

त्यानंतर काही हालचाल झाली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. तोडणी कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, तीत परभणी जिल्हाही आहे. म्हणजे पैशाची आणि इमारतीची सोय होते आहे. पण पैसा स्वतःच्या पायाने कोपीपर्यंत चालत जात नाही. त्याला माणूस लागतो.

आणि इकडे नांदेड-परभणीकडची शिकणारी पोरे क्षेत्रकार्याला जागा मिळत नाही म्हणून एकाच संस्थेत दहा-दहा जण बसून फायली चाळत असतात. त्यांचे दुसरे आणि चौथे सत्र नेमके डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या ऐन गाळपाचे. इकडे कामाला माणूस नाही, तिकडे माणसाला काम नाही. मध्ये फक्त एका पत्राची गरज आहे. कारखान्याने महाविद्यालयाला लिहावे की आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थी पाठवा.

ते करतील काय? गाळपाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक कोपीत जाऊन लेकरांची नोंद घेतील. वय किती, गावाकडे कितवीत होते, शिक्षण हमी कार्ड आणले का. नोंद घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटतील. गरोदर बाया किती, त्यांचे दवाखान्याचे कार्ड सोबत आहे का, आशाताईला त्यांचा पत्ता आहे का, हे पाहतील. गावाकडचे रेशन आता इथल्या दुकानात उचलता येते, हे पुष्कळ टोळ्यांना ठाऊक नसते. ते समजावून दुकानापर्यंत सोबत जातील. बायांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवतील. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात याला व्यक्तीसोबतचे काम, गटासोबतचे काम, वस्तीचे संघटन म्हणतात. आपल्या भाषेत याला विचारपूस आणि पाठपुरावा म्हणतात. यात कारखान्याचा खर्च तो किती? जाण्यायेण्याची सोय आणि दुपारचे जेवण.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका. "पोरी फडात, कोप्यांत फिरणार. काही बरं-वाईट झालं तर?" शंका रास्त आहे. म्हणून एकटीला पाठवू नये, दोघी-दोघींच्या जोडीने पाठवावे, अंधार पडायच्या आत स्टेशनावर पोचवावे, शेतकी खात्याच्या त्या गटाच्या माणसाला आधी कळवावे. पण हेही लक्षात ठेवावे की ज्या जागी आपल्या पोरीला दोन तास पाठवायची भीती वाटते, तिथे टोळीतली पोरगी पाच महिने राहते.

दुसरी शंका खरी अवघड आहे. संचालकांपासून सभासदांपर्यंत ती सगळ्यांच्या मनात येईल, पण बोलून दाखवणार नाही कोणी. "ही पोरं येणार, सगळं लिहून नेणार, आणि उद्या पेपरात कारखान्याची अब्रू जाणार." याचे उत्तर मी असे देतो. प्रत्येक विद्यार्थ्याचा अहवाल गुप्त राखायचा असतो, माणसांची नावे बाहेर जाऊ द्यायची नसतात, हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. पण अहवालात जे असेल ते आपल्याला ऐकावे लागेल. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येतो असे लिहिले असेल, तर टँकर रोज पाठवावा. वही बंद करू नये. आपल्याला कडू वाटेल म्हणून जो विद्यार्थी गोड अहवाल लिहितो, तो या पदवीला नालायक. आणि जो कारखाना गोड अहवालावरच सही करतो, तो क्षेत्रकार्याची जागा म्हणायला नालायक.

तिसरी शंका सभासदाची. "टोळी मुकादमाची, आमचा काय संबंध?" बापहो, तोड लवकर मिळावी म्हणून याच टोळीच्या आपण विनवण्या करतो, वरखर्चाला पैसे देतो, वाढे सोडतो. गरजेला संबंध आणि आजारपणाला मुकादम, असे कसे चालेल?

तेव्हा करायचे काय?

पालकांनी पाल्याला या पदवीला घालण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. क्षेत्रकार्याला किती श्रेयांक आहेत? आठवड्याचे कोणते दिवस, आणि कोणकोणत्या संस्थांत पाठवता? अहवाल दर आठवड्याला कोण तपासतो? क्षेत्रकार्यात नापास झाला तर पुढे काय? "काय लागत नाय हो, फक्त परीक्षेला पाठवा" असे उत्तर आले तर तिथून उठावे. दूरशिक्षणाने करणाऱ्यांनीही हेच विचारावे, कारण इग्नूच्या एम.एस.डब्ल्यू.लासुद्धा क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. ते टळेल असे सांगणारा दलाल खोटे बोलतो.

सही करणाऱ्यांनी, आणि आपल्यांत सरपंच, चेअरमन, मुख्याध्यापक पुष्कळ आहेत, ज्या दिवशी काम पाहिले त्या दिवशीच सही करावी. मागच्या तारखेची सही कोणाच्याही लेकरासाठी करू नये. स्वतःच्या पुतण्यासाठी तर नाहीच नाही.

आणि कारखान्यासाठी माझी सूचना अशी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा : "येत्या गाळप हंगामापासून समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तोडणी कामगारांच्या वस्त्यांवर क्षेत्रकार्यासाठी बोलवावे, त्यांच्या येण्याजाण्याची व सुरक्षिततेची सोय करावी, आणि हंगामाअखेरीस त्यांचा अहवाल, नावे वगळून, संचालक मंडळापुढे व सभासदांपुढे वाचून दाखवावा." ठरावातले शेवटचे वाक्य कोणी वगळू म्हणाले तर वगळू देऊ नये. सगळा ठराव त्या वाक्यासाठीच आहे.

हात वर करायला सभेला या. आणि घरात कोणी पोरगं-पोरगी हे शिकत असेल, तर आज रात्री जेवताना एवढेच विचारा, "या आठवड्यात कोणाला भेटलीस? तो काय म्हणाला?" उत्तर लगेच आले तर समजा, लेकराचे शिक्षण चालू आहे.